रात्री पेट्रोल ‘पिणारी’ एमजीबी : एका विद्युत बिघाडाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी १९७२ सालची एमजीबी रोडस्टर, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन दारं, कापडी टप, १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर. हे मॉडेल १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत होतं, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. ही सोय या प्रकरणात थोडी नडलीच. भाग सहज मिळाला की तो बदलून बघायचा मोह होतो.

मालक हौशी आहेत. ब्रेक, क्लच, कार्बोरेटर स्वतः खोलतात. वायरिंग म्हटलं की मात्र हात आखडता घेतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गाडी पूर्ण उघडून नव्याने रंगवून घेतली होती. ही गोष्ट त्यांनी मला दुसऱ्याच भेटीत, बोलता बोलता सांगितली होती. मी ती ऐकली आणि सोडून दिली.

पुढचं समजायला या गाडीच्या वायरिंगबद्दल थोडं माहीत हवं. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत डायनामो होता आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. त्यानंतर अल्टरनेटर आला आणि निगेटिव्ह टोक बॉडीवर गेलं. ही गाडी दुसऱ्या प्रकारातली, ३४ अँपिअरच्या लुकास १६ एसीआर अल्टरनेटरची (लुकास म्हणजे गाडीचे विद्युत भाग बनवणारी ब्रिटिश कंपनी). बॅटऱ्या दोन, सहा-सहा व्होल्टच्या, सीटमागच्या फळीखाली एकीला एक जोडलेल्या. वायरींचे रंग ठरलेले : तपकिरी म्हणजे कायम चालू, पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर चालू, हिरवी म्हणजे फ्यूजमधून पुढे गेलेली, काळी म्हणजे अर्थ, करंटची बॉडीतून बॅटरीकडे परतीची वाट. कॉइल (ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज तयार करणारा भाग) आणि पेट्रोल पंप दोघांनाही पांढऱ्या वायरीतून करंट मिळतो आणि या पांढऱ्या वायरीला फ्यूज नसतो. रंगांची ही पद्धत एकदा डोक्यात बसली की डायग्राम वाचायला फार सोपा जातो. लुकासच्या नावाने विनोद करणाऱ्यांनी तो एकदा उघडून बघावा. पन्नास वर्षं पावसापाण्यात राहिलेल्या कुठल्याही जोडाची जी गत होते, तिचं खापर मूळ बनवणाऱ्यावर फोडण्यात अर्थ नाही.

अडचण

गाडी दिवसा व्यवस्थित चालायची. रात्री, तेही गर्दीत, अधूनमधून बंद पडायची. नेमकं व्हायचं असं : चौकात बराच वेळ थांबावं, हिरवा दिवा लागल्यावर ॲक्सिलरेटर द्यावा आणि इंजिनने दोन आचके देऊन मान टाकावी. सेल्फ जोरात फिरायचा, म्हणजे बॅटरीत दम होता. तीन-चार मिनिटं थांबून किल्ली फिरवली की काही झालंच नाही अशा थाटात चालू.

याखेरीज मालकांनी वहीत तीन नोंदी केल्या होत्या. एक, रात्री पेट्रोलचा काटा दिवसापेक्षा खाली असतो आणि सकाळी पुन्हा वर येतो. त्यांनी गंमतीने लिहिलं होतं, ‘गाडी रात्री पेट्रोल पिते आणि पहाटे परत करते.’ दोन, मागून दुसऱ्या गाडीत येणाऱ्या त्यांच्या मित्राने सांगितलं की ब्रेक दाबून इंडिकेटर लावला की मागचे सगळेच दिवे इंडिकेटरच्या तालावर मंद होतात. तीन, बंद पडल्यावर पंपाला स्पॅनरने हलकं ठोकलं की गाडी लवकर चालू होते.

सगळं उत्तर या तीन ओळींत होतं. ते दिसायला आम्हाला सव्वा महिना लागला.

मी येण्याआधी काय झालं होतं

‘थोडा वेळ थांबलं की चालू होते’ हे लक्षण ऐकलं की जाणकाराच्या तोंडी पहिलं नाव येतं कॉइलचं. कॉइल तापते, आतली वाइंडिंग उघडते, थंड झाल्यावर पुन्हा जुळते. तर्क बरोबर आहे आणि असं घडतंही. मालकांनी कॉइल बदलली. त्याच बैठकीत ठिणगीच्या यंत्रणेतले पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, रोटरही.

इथे पहिला घोळ झाला. नवा कंडेन्सर खराब निघाला आणि गाडी दिवसाही अडखळू लागली. आता दोन दुखणी एकमेकांत मिसळली. दिवसाच्या अडखळण्याचा रात्रीच्या बंद पडण्याशी काडीचा संबंध नव्हता, पण ते कळायला दहा दिवस गेले. जुना कंडेन्सर परत बसवल्यावर दिवसाची तक्रार थांबली आणि रात्रीची होती तशीच राहिली.

त्यानंतर संशय बॅटरीवर. दोन्ही सहा व्होल्टच्या बॅटऱ्या नव्या आल्या. मग अल्टरनेटर, कारण रात्री हेडलाइट लावल्यावर घडतं म्हणजे चार्जिंग कमी पडत असणार. प्रत्येक वेळी दोन-तीन रात्री गाडी ठीक चालायची, कारण बिघाड मुळात रोजचा नव्हताच. प्रत्येक नव्या भागाला तेवढ्यापुरतं श्रेय मिळायचं.

कोणते पर्याय समोर होते

मी गेलो तेव्हा टेबलावर चार रस्ते होते. पहिला, नवा पंप. ठोकल्यावर चालतो म्हणजे पंपाचे पॉइंट चिकटत असणार, हा विचार सरळ होता. दुसरा, संपूर्ण नवं हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा सगळा जुडगा. मालक याला जवळजवळ तयार झाले होते, आणि माझा सगळ्यात मोठा विरोध यालाच होता. हार्नेस बदलणं म्हणजे डॅशबोर्ड उतरवणं, शेकडो जोड नव्याने करणं. जुना एक दोष जाईल आणि नवे चार येतील. शिवाय पुढे जे सापडलं त्यावरून सांगतो, नवं हार्नेसही त्याच बोल्टखाली त्याच रंगावर आवळलं गेलं असतं आणि गाडी पुन्हा बंद पडली असती. तिसरा, हेडलाइटना रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवून भार हलका करायचा. सुधारणा म्हणून उत्तम, निदान म्हणून शून्य. चौथा, काहीही न बदलता आधी मोजायचं.

चौथा रस्ता निवडला. याचं श्रेय मला घेता येणार नाही. मालकांचा नवे भाग आणण्याचा उत्साह त्या आठवड्यापुरता संपला होता, एवढंच.

पहिली संध्याकाळ : मोजलं, पण अर्धंच

सुरुवात मी चुकीच्या पद्धतीने केली. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवला आणि वायरी तपासत सुटलो. सगळीकडे बीप. पंपाची पांढरी बीप, काळी बीप, मागच्या दिव्यांचं अर्थिंग बीप. कंटिन्युइटीच्या तपासणीत मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. वायरीचा एक तंतू शिल्लक असला तरी तेवढा करंट जातो. पण सात-आठ अँपिअर वाहायला लागले की तोच तंतू गळा आवळतो. म्हणजे बीपने फक्त एवढं कळतं की रस्ता आहे. रस्ता बैलगाडीचा की हमरस्ता, ते कळत नाही.

मग व्होल्टेज ड्रॉप मोजायचं ठरवलं. करंट वाहत असताना वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती व्होल्ट हरवतात ते पाहायचं. पंप टिकटिक करत चालतो, त्याचा करंट सतत नसतो, त्यामुळे मीटरचे आकडे नाचतात. म्हणून पंपाच्या दोन्ही वायरी काढल्या आणि त्याच्या जागी ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब जोडला. हा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर सतत ओढतो, आकडा स्थिर राहतो. पेट्रोलच्या नळीजवळ काम असल्याने प्रत्येक जोड करताना आधी बॅटरीची केबल काढली. पंपाची जागा मागच्या उजव्या चाकाजवळ खाली आहे, तिथे एक ठिणगी पुरते.

इंजिन बंद, किल्ली चालू, बॅटरीवर १२.५ व्होल्ट. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या पांढऱ्या वायरीपर्यंत १.४ व्होल्ट हरवत होते. बल्बच्या काळ्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.४.

१.४ हा आकडा ओरडून सांगत होता. पांढऱ्या वायरीच्या मागे लागलो. बोनेटखाली फ्यूजबॉक्सजवळ पुढचं आणि मागचं हार्नेस बुलेट कनेक्टरने जोडलेलं असतं. तिथली रबरी नळी सोलली तर आतला पितळी तुकडा हिरवा पडलेला. त्याच्या अलीकडे आधीच्या कोणीतरी रेडिओसाठी पांढऱ्या वायरीला चिमटा मारून करंट घेतला होता, निम्मे तंतू तुटलेले. रेडिओ गाडीत केव्हाच नव्हता, चिमटा तेवढा उरला होता. तो काढला, वायरीचा खराब भाग कापून नवा जोड केला, बुलेट नवे बसवले. ड्रॉप ०.२ वर आला. पंपाची टिकटिक ऐकूनच फरक कळत होता.

आम्ही खूश. चहा झाला, हात धुतले. आणि ०.४ कडे दुर्लक्ष केलं.

निर्णयाची जागा : ०.४ व्होल्ट

या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती माझी. ‘अर्थला ०.४ जरा जास्त आहे, पण चालेल’ असं मी म्हणालो. खरं तर पावणेदोन अँपिअरला ०.४ व्होल्ट म्हणजे जवळपास पाव ओहम. अर्थच्या वाटेवर पाव ओहम खूप झाला. आणि मोजताना एकही दिवा लावलेला नव्हता. बिघाड रात्रीचा आणि मोजमाप भर उजेडात, सगळे दिवे बंद ठेवून. रोग्याला फक्त जिना चढताना दम लागतो आणि आपण त्याला खुर्चीत बसवून नाडी बघतो, तशी गत.

शिवाय एक खरा दोष सापडला होता. सापडलेला दोष खरा असला की तोच एकमेव आहे असं वाटायला वेळ लागत नाही. हिरवं पितळ डोळ्यांना दिसलं, हाताने साफ केलं, समाधान झालं. वहीतल्या तीन नोंदींपैकी पेट्रोलचा काटा आणि मंद होणारे दिवे पांढऱ्या वायरीने सुटतात का, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. विचारला असता तर लगेच कळलं असतं. मागच्या दिव्यांना पंपाच्या पांढऱ्या वायरीतून करंट जातच नाही.

नऊ दिवस गाडी छान चालली. दहाव्या रात्री पाऊस होता. हेडलाइट, वायपर, हीटरचा पंखा, सगळं चालू. लांबलचक सिग्नलवर ब्रेक दाबलेला, इंडिकेटर लावलेला. हिरवा दिवा लागला आणि दोन आचके. मालकांनी फोनवर एवढंच सांगितलं, “परत तेच.”

दुसरी संध्याकाळ : रात्र गॅरेजमध्ये आणली

या वेळी आधी वही उघडली आणि प्रत्येक नोंदीसमोर प्रश्न लिहिला : हे सगळं एकाच कारणाने होऊ शकतं का? पेट्रोलचा काटा, मागचे दिवे आणि पंप यांच्यात समान काय? तिघांचा येणारा करंट वेगवेगळ्या वायरीतून येतो. जाणारा मात्र एकाच जागी जातो. डायग्राममध्ये तीन आडव्या रेषांचं छोटं चिन्ह असतं, अर्थचं. ते प्रत्येक भागाखाली वेगळं काढलेलं असतं, म्हणून नजर त्याच्यावर ठरत नाही. गाडीत मात्र मागच्या हार्नेसच्या काळ्या वायरी एकत्र येऊन डिकीच्या आत, नंबरप्लेटच्या दिव्याच्या बोल्टखाली आवळलेल्या असतात. दिवे, पंप, टाकीतला सेंडर (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग), सगळ्यांची परतीची वाट तीच.

पुन्हा २१ वॉटचा बल्ब पंपाच्या जागी. टेल लाइट लावले, ब्रेकचं पेडल लाकडाच्या दांडक्याने दाबून धरलं, इंडिकेटर चालू. हिशोब असा : टेल आणि नंबरप्लेटचे दिवे मिळून सुमारे १.८ अँपिअर, दोन ब्रेकलाइट ३.५, एक इंडिकेटर आणि आमचा बल्ब प्रत्येकी पावणेदोन. एकूण पावणेनऊच्या आसपास. काळ्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत २.१ व्होल्ट, इंडिकेटर विझला की खाली, पेटला की वर. तो बोल्ट बोटाने जरा हलवला तर आकडा थेट ४ च्या वर गेला. बाहेरून बघणारे मालक ओरडले, “दिवे मंद झाले!”

बोल्ट काढला. वॉशरखाली नवाकोरा, गुळगुळीत, चकचकीत रंग. त्याखाली प्रायमर. दोन वर्षांपूर्वी रंगकाम करणाऱ्याने काम मन लावून केलं होतं, एकही कोपरा सोडला नव्हता. जोडणी रंगावरच आवळली गेली होती आणि सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा बॉडीत जात होता. आट्या हळूहळू गंजल्या तशी वाट अरुंद होत गेली. म्हणूनच रंगानंतर लगेच नाही, दोन वर्षांनी त्रास सुरू झाला.

आता तिन्ही नोंदी जुळल्या. अर्थच्या वाटेवर दोन-चार व्होल्ट अडकले की टाकीच्या सेंडरमधून करंट कमी वाहतो आणि काटा खाली बसतो. दिवे विझवले की वर येतो. या गाडीत पाण्याच्या तापमानाचा काटा विजेवर चालत नाही. तो विजेवर असता तर तुलना करून काट्यांना स्थिर व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर निर्दोष आहे हे आधीच कळलं असतं. पंपाचं गणित तर सरळच : पावसातल्या रात्री सगळा भार आणि इंजिन आयडलवर, म्हणजे अल्टरनेटरकडून बाराच्या थोडं वर. त्यातून अर्थवर चार गेले. पंपाला आठ. पांढऱ्या वायरीचं काम करण्याआधी जेमतेम सात. थांबलेल्या गाडीला पेट्रोल कमी लागतं, त्यामुळे कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधल्या साठ्यावर इंजिन सिग्नलभर तग धरायचं आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर कोरडं पडायचं. बंद पडल्यावर मालक पायउतार व्हायचे, म्हणजे ब्रेक सुटायचा, ब्रेकलाइट विझायचे, पंपाला पुन्हा दम यायचा आणि चेंबर भरायचं. तीन-चार मिनिटांच्या विश्रांतीत कॉइल थंड होत नव्हती, पेट्रोल भरत होतं. पंपाला ठोकण्याचं म्हणाल तर ठोकायला ते खाली वाकायचे, तोवर ब्रेकवरून पाय निघालेलाच असायचा.

काय केलं

बोल्टाभोवतीचा रंग लोखंड दिसेपर्यंत खरवडला. दातेरी वॉशर, नवा बोल्ट, वरून पेट्रोलियम जेली. पण पन्नास वर्षांच्या बॉडीच्या पत्र्यावर, त्याच्या वेल्डिंगवर किती भरवसा ठेवायचा यावर आमचं थोडं वाजलं. मालकांना मूळ रचनेत बदल नको होता. मला तिथून थेट बॅटरीच्या अर्थ बोल्टपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची एक जादा काळी वायर हवी होती. शेवटी वायर टाकली, जुन्या हार्नेसच्या कडेने, दिसणार नाही अशी आणि हवी तेव्हा काढता येईल अशी.

पांढऱ्या वायरीवर पंपापुरता १० अँपिअरचा फ्यूज बसवावा का, हाही प्रश्न होता. फ्यूज उडाला तर गाडी रस्त्यात थांबते. फ्यूज नसेल आणि वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर हार्नेस जळतं, तेही पेट्रोलच्या नळीशेजारी. बसवला. फ्यूजबॉक्स उघडलाच होता म्हणून तेही तपासलं. लुकासचा जुना ३५ अँपिअरचा फ्यूज ३५ ला उडतो आणि सतत १७ पर्यंत वाहतो. बाजारातला ३५ लिहिलेला आधुनिक फ्यूज सतत ३५ वाहू शकतो. दोन जागी असा चुकीचा फ्यूज सापडला, तो बदलला.

इंजिन आणि बॉडी यांच्यातला जाड पट्टा सेल्फ मारताना मोजला. ड्रॉप ०.१५ व्होल्ट, ठीक. त्याला हात लावला नाही.

परिणाम

सगळा भार लावून अर्थचा ड्रॉप ०.१ व्होल्ट. मागचे दिवे इतके उजळ झाले की मालकांनी विचारलं, बल्ब बदललेस का? इंडिकेटरची टिकटिकही वेगाने होऊ लागली. जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो, करंट वाढला की लवकर तापतो. त्यानंतरच्या सात महिन्यांत गाडी एकदाही तशी बंद पडली नाही, त्यात दोन रात्री मुसळधार पावसाच्या होत्या.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी वहीतल्या नोंदी घेऊन डायग्रामसमोर बसेन, मीटर नंतर. एका बैठकीत एकच भाग बदलेन. कॉइल आणि कंडेन्सर वेगवेगळ्या दिवशी बदलले असते तर खराब कंडेन्सर तासाभरात पकडला गेला असता. ज्या परिस्थितीत बिघाड होतो ती उभी केल्याशिवाय ‘ठीक आहे’ म्हणणार नाही. आणि गाडीवर शेवटचं मोठं काम कोणतं झालं, कधी झालं, हे विचारून उत्तर विसरणार नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र माझं मत अजून ठरलेलं नाही. पांढरी वायर आधी दुरुस्त केल्याने खरं कारण नऊ दिवस झाकलं गेलं. पण ती न करता अर्थपर्यंत गेलो असतो तर अर्थ दुरुस्त झाल्यावर गाडी चालली असती आणि तुटक्या तंतूंचा तो चिमटा तसाच आत राहिला असता, फ्यूज नसलेल्या वायरीवर.

काढलेला अल्टरनेटर नंतर बाकावर लावून तपासला. चांगला आहे. कॉइलही चांगली आहे. दोन्ही मालकांच्या कपाटात खोक्यात आहेत आणि खोक्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलंय : ‘निर्दोष.’